शेवटी भरा, आधी उतरवा

घर बदलायची वेळ येते, ट्रक दारात उभा राहतो, तेव्हा घरातली जाणती बाई हमालांना एक गोष्ट बजावून सांगते. स्टोव्ह, चहा-साखरेचे डबे, पाण्याची कळशी आणि अंथरुणं सगळ्यात शेवटी चढवा. कारण उघड आहे. जे शेवटी चढतं ते आधी उतरतं आणि नव्या घरात पहिल्या तासाला कपाट लागत नाही, चहा लागतो. आज आपण ज्या जहाजांची ओळख करून घेणार आहोत, त्यांचं सगळं शास्त्र याच साध्या नियमावर उभं होतं. तिथे मात्र क्रम चुकला तर त्याची किंमत माणसांच्या जिवानं मोजावी लागे.

ही जहाजं म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं वापरलेली 'अटॅक कार्गो शिप', अर्थात चढाईची मालवाहू जहाजं. नेहमीचं मालवाहू जहाज बंदरात येतं. तिथे धक्का असतो, क्रेन असतात, गोदामं असतात. भाडं जागेवर ठरत असल्यानं व्यापारी जहाजात एक कोपराही रिकामा सोडत नाहीत. पण शत्रूच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर फौज उतरवायची असेल तर? तिथे धक्का नाही, क्रेन नाही, आहे ती फक्त वाळू आणि लाटा. तोफा एका जहाजात आणि त्यांचे गोळे दुसऱ्या जहाजाच्या तळाशी, अशी अवस्था असेल तर त्या तोफांचा उपयोग काय?

हा धडा इतिहासानं एकदा दिला होता. १९१५ साली ब्रिटिश फौजा तुर्कस्तानच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर उतरणार होत्या. जहाजांत सामान इतकं अस्ताव्यस्त भरलेलं होतं की सेनापती हॅमिल्टन यांना ती जहाजं इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला पाठवून नव्यानं भरून घ्यावी लागली. यात काही आठवडे गेले. तेवढ्या अवधीत तुर्की सैन्यानं आपला बंदोबस्त पक्का केला. पुढे तिथे काय रक्तपात झाला ते सर्वश्रुत आहे.

२७ वर्षांनी हाच प्रश्न पॅसिफिक महासागरात उभा राहिला. जुलै १९४२. जपानी सैन्य सॉलोमन बेटांपैकी ग्वाडालकॅनालवर धावपट्टी बांधत होतं. ती पुरी होण्याआधी बेट ताब्यात घ्यायचं ठरलं. ही कामगिरी ज्या मरीन डिव्हिजनवर सोपवली, तिची बरीचशी सामग्री व्यापारी पद्धतीनं भरलेल्या जहाजांतून न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला येत होती. ती सगळी धक्क्यावर उतरवून लढाईच्या क्रमानं पुन्हा भरायची होती. तिथल्या गोदी कामगारांशी जमलं नाही, म्हणून सैनिकांनी स्वतःच पाळ्या लावून हमाली केली. दक्षिण गोलार्धातला तो हिवाळा होता आणि पाऊस थांबत नव्हता. पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटली आणि धक्क्यावर कॉर्नफ्लेक्सचा चिखल झाला. जागा पुरेना म्हणून ९० दिवसांऐवजी ६० दिवसांचाच शिधा घेतला. बरीचशी जड वाहनं मागेच ठेवली.

७ ऑगस्टला मरीन ग्वाडालकॅनालवर उतरले. विरोध जवळजवळ झालाच नाही, अडचण वेगळीच निघाली. होड्या भरभरून सामान येत होतं, पण ते वाळूवरून आत नेणारे हातच पुरेसे नव्हते. किनाऱ्यावर खोक्यांचे ढीग लागले. ८ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटापाशी जपानी आरमारानं दोस्तांच्या ४ क्रूझर बुडवल्या. ९ तारखेला मालवाहू जहाजं माघारी फिरली आणि निम्म्याहून अधिक सामान त्यांच्या पोटातच राहिलं. बेटावरचे सैनिक दोन वेळच्या जेवणावर आले. जपान्यांनी मागे टाकलेला तांदूळ त्यांनी शिजवला, आणि जपान्यांच्याच यंत्रांनी धावपट्टी पुरी केली. २० ऑगस्टला तिथे पहिली लढाऊ विमानं उतरली, म्हणून ते तगले.

या अनुभवानंतर, १ फेब्रुवारी १९४३ रोजी, अमेरिकी नौदलानं अशा जहाजांचा स्वतंत्र वर्गच केला. १९४३ ते १९४५ या काळात अशी १०८ जहाजं सेवेत आली, म्हणजे सरासरी आठ दिवसांना एक! यातल्या टॉलंड वर्गाच्या जहाजाची लांबी सुमारे ४५९ फूट होती आणि त्यावर जवळजवळ चारशे माणसं असत. हे जहाज आपलं बंदर जणू बरोबरच घेऊन फिरे. डेकवर वीसच्या आसपास नौका रचलेल्या असत. त्यांचं तोंड फळीसारखं खाली पडे आणि जीप थेट वाळूवर उतरे. मोठ्या नौकेत ३० टनी रणगाडाही मावे. जहाजाच्याच क्रेननं तो उचलून, खाली लाटांवर नाचणाऱ्या नौकेत अलगद ठेवायचा. क्षणभर अंदाज चुकला तर नौका, रणगाडा आणि माणसं सगळंच तळाला जाई.

खरी बुद्धी मात्र लागे ती सामान भरताना. या कामासाठी खास अधिकारी असे. जहाजाच्या मजल्यांचे नकाशे पसरून, प्रत्येक वाहनाच्या मापाचे पुठ्ठ्याचे तुकडे त्यावर मांडून तो जागा ठरवी. पहिल्या तासाला लागणारा दारूगोळा, पाणी आणि औषधं तोंडाशी, आठवड्यानंतर लागणारं सामान तळाशी. सगळी औषधं किंवा सगळा दारूगोळा एकाच जहाजात ठेवायचा नाही, कारण ते बुडालं तर सगळंच गेलं. यात बरीच जागा वाया जाई. ती वाया घालवणं हाच इथे शहाणपणा होता.

यातल्या अनेक जहाजांना ताऱ्यांची नावं होती. आपण ज्याला स्वाती म्हणतो तो आर्क्टुरस, आपला काक्षी तो बेटेलज्यूस. असंच 'अल्चिबा' नावाचं जहाज २८ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्वाडालकॅनालपाशी उभं होतं. पोटात विमानाचं पेट्रोल, बॉम्ब आणि दारूगोळा. छोट्या जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि आगीचा लोळ उठला. कप्तान फ्रीमन यांनी जहाज किनाऱ्यावर चढवलं. आग पाच दिवस धुमसत होती आणि खलाशी ती विझवता विझवता सामानही उतरवत होते. ७ डिसेंबरला दुसरा टॉर्पेडो लागला. तरीही जहाज वाचलं, दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर गेलं.

एरवी या जहाजांच्या वाट्याला कीर्ती फारशी आली नाही. 'व्हर्गो' नावाच्या अशाच एका जहाजावर टॉमस हेगन हा तरुण अधिकारी होता. युद्धापासून दूर, माल वाहता वाहता कंटाळलेल्या खलाशांवर त्यानं 'मिस्टर रॉबर्ट्स' ही कादंबरी लिहिली आणि १९५५ साली तिच्यावर चित्रपटही निघाला.

या वर्गातली शेवटची जहाजं १९९४ पर्यंत निवृत्त झाली. त्यांचं काम आता पोटातूनच नौका सोडणारी आणि हेलिकॉप्टर बाळगणारी जहाजं करतात. आपल्या नौदलानं अमेरिकेकडून घेऊन २००७ साली सेवेत आणलेलं 'जलाश्व' याच कुळातलं. मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, त्यानं मालदीवमधून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं.

जहाजं बदलली, नियम बदलला नाही. पूर असो, भूकंप असो, मदतीचा ट्रक भरतानाही प्रश्न तोच असतो: तिथे पोहोचल्यावर आधी काय लागणार? त्याचं उत्तर निघण्यापूर्वीच द्यावं लागतं.