बिनमुदतीचा अध्यक्ष

मुळशी तालुक्यातील ग्रामसभा पौडची असो की घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीची, तिच्या विषयपत्रिकेतील पहिला विषय बहुधा मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हाच असतो. आणि ज्यांना हा निव्वळ वेळकाढूपणा वाटतो त्यांच्या ध्यानात येत नाही की, गेल्या खेपेस कोण काय बोलले याचा लेखी दाखला दप्तरात असल्यामुळेच सरपंचास सोयीचे तेवढेच स्मरण ठेवता येत नाही. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुढे गणपूर्तीवाचून उरकता येते, आणि त्या पळवाटेने कोणकोणते ठराव सुखरूप पार पडतात हे गावकरी जाणून असतात. परंतु मोडण्यापुरता का होईना, तेथे नियम असतो.

पिरंगुटच्या कारखान्यांतील कामगारांपासून हिंजवडीच्या गगनचुंबी इमारतींतील रहिवाशांपर्यंत सर्वांची सभा आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर अहोरात्र भरलेली असते. तिच्या अध्यक्षाच्या, म्हणजे ॲडमिनच्या, अधिकाराची मीमांसा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये केली. गोंदिया जिल्ह्यातील एका ग्रुपवर एका सभासदाने महिला सभासदास उद्देशून अश्लाघ्य भाषा वापरली असता ॲडमिनने त्यास न काढले, न माफी मागावयास लावले, अशी फिर्याद होती. सभासद घेणे व काढणे यापलीकडे ॲडमिनच्या हाती विशेष काही नाही, मजकूर येण्याआधी तो त्यास तपासता येत नाही, सबब समान उद्देश सिद्ध झाल्यावाचून दुसऱ्याच्या शब्दांचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही, असे ठरवून न्यायालयाने गुन्हा रद्द केला.

निर्णय न्याय्यच होता. मात्र सर्वांची तोंडे एकदम बंद करण्याची कळ ॲडमिनपाशी २०१८ पासून होतीच, आणि २०२२ मध्ये दुसऱ्याचा मजकूर पुसण्याचीही मुभा त्यास मिळाली. टँकरच्या हिशेबाविषयी कोणी खोचक प्रश्न विचारावा, आणि घटकाभराने त्या जागी ॲडमिनने तो काढल्याची एक ओळ तेवढी उरावी! का काढला, याची नोंद कोठेच नाही. खेड्यात असा दुखावलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर ॲडमिनला गाठून जाब विचारतो. चौदाव्या मजल्यावरील भाडेकरूस तीही सोय नाही. त्याच इमारतीच्या सहकारी संस्थेची व्यवस्थापक समिती कायद्याने ५ वर्षांनी बदलते. ग्रुपचा ॲडमिन मात्र, ज्याने तो प्रथम उघडला, तोच राहतो.