वरिष्ठांकडून साधनांचा संशयित गैरवापर आणि कनिष्ठाचा नैतिक निर्णय

प्रस्तावना :
शैक्षणिक संस्थांतील गैरव्यवहारांची चर्चा बहुधा मोठ्या रकमांच्या संदर्भात होते. दैनंदिन कामकाजात मात्र हा प्रश्न लहान वस्तूंच्या रूपाने आणि बहुतेक वेळा कनिष्ठासमोर उभा राहतो. एक काल्पनिक, परंतु परिचित वाटेल असा प्रसंग घेऊ. विभागप्रमुखांनी विभागाचा लॅपटॉप व कॅमेरा काही महिन्यांपासून घरी ठेवला आहे. वर्षअखेरीची साठा-पडताळणी येते आणि डेड स्टॉक रजिस्टर सांभाळणाऱ्या परिवीक्षाधीन सहायक प्राध्यापकास तोंडी सांगितले जाते, "अहो, सही करून टाका. वस्तू कुठं पळून जात नाहीत."

संशय आणि स्वाक्षरी :
येथे गैरवापर झाला आहे, हे त्या प्राध्यापकास निश्चित ठाऊक नाही. प्राचार्यांची अनुमती असेल. घरी विभागाच्याच अहवालाचे काम चालू असेल. केवळ संशयावरून आरोप करणे अन्यायाचे होईल, आणि खात्री नाही म्हणून गप्प बसणे ही सोयीची पळवाट ठरेल. परंतु एका बाबतीत संशयास जागाच नाही : वस्तू जागेवर नाहीत, हे त्यास प्रत्यक्ष दिसते आहे. वरिष्ठ दोषी आहेत किंवा नाहीत, हे ठरविणे त्याचे काम नव्हे. असत्य नोंदीखाली आपले नाव घालावयाचे की नाही, हा मात्र सर्वस्वी त्याचा प्रश्न आहे. या दोन प्रश्नांची गल्लत होते, म्हणूनच अशा प्रसंगी माणूस एक तर अकारण भडकतो किंवा निमूटपणे सही करतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

"सर, वस्तू आपल्याकडे आहेत अशी नोंद करतो, आपण तेवढी सही द्यावी," एवढेच म्हणणे पुरेसे असते. यात कोणावरही आरोप नाही. अनुमती असेल तर नोंद पूर्ण होते. नसेल तर प्रश्न आपोआप योग्य ठिकाणी पोहोचतो. वरिष्ठांचा तोंडी आदेश शक्य तेथे लेखी घ्यावा, हे तत्त्व महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्येही आहे. ते नियम शासकीय कर्मचाऱ्यांसाठी असले तरी त्यामागील शहाणपण सर्वांच्या उपयोगाचे आहे. अर्थात, परिवीक्षाधीन व्यक्तीस गोपनीय अहवालाची भीती वाटते आणि ती निराधार नसते. ज्याची नोकरी कायम झाली आहे, त्याने येथे उपदेश जरा जपूनच करावा.

कायद्याची चौकट :
भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988 मधील 'लोकसेवक' या संज्ञेत विद्यापीठाचे शिक्षक आणि शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थांचे कर्मचारीही येतात. ताब्यातील मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणणे हा त्याखाली अपराध आहे; इतरांस तसे करू देणेही आहे. त्यामुळे साठा सांभाळणाऱ्याने जाणूनबुजून केलेली खोटी सही ही केवळ औपचारिकता उरत नाही.

तक्रारदाराची बाजू मात्र नेहमीच अवघड राहिली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अपहाराचे 40 प्रकार सांगितले असून अपहार सिद्ध करून देणाऱ्या सूचकास त्या रकमेचा सहावा हिस्सा, तर तो सेवक असल्यास बारावा हिस्सा देण्याची तरतूद आहे. सिद्ध करता न आल्यास सूचकालाच दंड! आधुनिक काळात राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी 2002 मध्ये आपले नाव गुप्त राखण्याची विनंती करून पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहिले. ते नाव गुप्त राहिले नाही. नोव्हेंबर 2003 मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. न्यायालयाने पुढे ती लुटीच्या प्रयत्नातून झाल्याचे मानले. तरी या प्रकरणानंतरच 2004 मध्ये केंद्र शासनाने माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव काढून केंद्रीय दक्षता आयोगाकडे ते काम सोपविले. 2014 चा जागल्या संरक्षण अधिनियम संमत होऊनही दशकभर अंमलात आला नाही.

म्हणून, विभागप्रमुखांनी सही नाकारल्यास प्राचार्यांस द्यावयाच्या अर्जात 'अपहार' हा शब्द नसावा. वस्तूंचे नोंद-क्रमांक, पडताळणीचा दिनांक आणि मिळालेली तोंडी सूचना एवढेच असावे; आणि आवक क्रमांक घातलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी.