गुडघ्यातली दुर्बीण

गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात गुडघ्याचं दुखणं दोन वयांत हमखास भेटतं. एक विशीतला पोरगा. कबड्डीत चढाई करताना पाय रोवून वळला, आतून 'कट्' आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. दुसरी साठीतली माउली. उभा जन्म शेतात गेला, आता जिना चढवत नाही, खाली बसलं तर आधाराशिवाय उठवत नाही. दोघांनाही कुणीतरी हमखास सांगतं, "जळगावला जा, दुर्बिणीतून करून घ्या." पोराला हा सल्ला बऱ्याचदा लागू पडतो, माउलीला बहुतेकदा नाही. याच फरकापायी लोकांचे पैसे आणि महिने वाया जातात, म्हणून या यंत्राची नीट ओळख करून घ्यायला हवी.

१९१२ साली बर्लिनच्या परिषदेत डेन्मार्कच्या सेव्हेरिन नॉर्डेनटॉफ्ट यांनी सांध्यात दुर्बीण घालण्याची कल्पना मांडली होती. पण ती चिकाटीने पुढे नेली जपानने, आणि त्यामागचं कारण आपल्याला सहज समजेल असं आहे. गुडघ्याचा क्षयरोग झाला की सांधा आखडे आणि माणसाला जमिनीवर बसता येईना. जिथे जेवण, पाहुणचार, पूजा सगळं जमिनीवर बसून चालतं, तिथे असा माणूस चारचौघांतून बाजूला पडतो. पंगतीत मांडी घालता न येणाऱ्याची अवघड अवस्था खानदेशात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. रोग लवकर दिसावा म्हणून टोकियोच्या केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली.

त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५९ च्या सुमारास 'क्रमांक २१' ही कामाची दुर्बीण सिद्ध केली. तिच्या टोकाला इवलासा दिवा असे आणि तो सांध्यात फुटण्याची भीतीही असे. तरी १९६२ मध्ये त्यांनी एका १७ वर्षांच्या खेळाडूच्या गुडघ्यातल्या गादीचा फाटलेला भाग याच मार्गाने काढला. १९६४ मध्ये कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन टोकियोत त्यांच्याकडे शिकले आणि ही विद्या पश्चिमेकडे गेली. दिव्याची अडचण सोडवली काचतंतूंनी. प्रकाश बाहेर निर्माण करायचा आणि तंतूंतून आत न्यायचा. या तंतुविद्येचा पाया घालणाऱ्यांत पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी होते. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासोबतचा त्यांचा निबंध १९५४ चा.

आज गुडघ्यासाठी वापरतात ती नळी साधारण ४ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचं भिंग ३० अंशांत तिरकं असतं, म्हणजे नळी फिरवली की कोपरेही दिसतात. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. वाटीच्या खाली, दोन बाजूंना, सेंटिमीटरभराहून लहान छेद घेतात. एकातून दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यारं. सांधा फुगून नजर मोकळी व्हावी म्हणून सलाइन सतत आत सोडतात. पडद्यावर दिसतात शुभ्र कूर्चा, हाडांमधल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या आणि मधोमध हाडांना हाडं बांधणारं लिगामेंट. सर्जन बोथट आकडीने एकेक भाग चाचपतो. लिगामेंट सैल आहे का, गादी फाटून दुमडली आहे का, हे दिसतंही आणि हाताला कळतंही.

पूर्वी गुडघा उघडून अख्खी गादी काढून टाकत. १९४८ मध्ये ब्रिटनच्या फेअरबँक यांनी दाखवलं, की अशा गुडघ्याचं रूप क्ष-किरण चित्रात पुढे बदलत जातं, झीज दिसू लागते. म्हणून आता फाटलेला तुकडाच काढतात. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट शिवताही येते. लिगामेंट तुटलं असेल तर मांडीमागच्या स्नायूंच्या दोरीसारख्या कंडरा घेऊन, हाडांत बोगदे करून नवं बसवतात. निदानाचं पुष्कळसं काम आता एमआरआयने होतं. केवळ 'आत काय आहे ते बघू' म्हणून दुर्बीण घालण्याची वेळ क्वचितच यावी.

आता माउलीबद्दल. २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन इथे झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचा सांधा दुर्बिणीतून साफ केला, काहींचा नुसता धुतला, काहींच्या कातडीवर फक्त छेद घेतले. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच होतं. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये झिजेने फाटलेल्या गादीबाबत असंच आढळलं. वाढत्या झिजेवर खरा इलाज म्हणजे मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणं, गरजेपुरतं औषध, आणि सांधा पार गेला असेल तर सांधेबदल. निव्वळ साफसफाईसाठी कुणी दुर्बीण सुचवली, तर 'याने नेमकं काय सुधारेल?' असं विचारायला संकोच करू नये.

पोराची खरी परीक्षा ऑपरेशननंतर सुरू होते. टाके काही दिवसांत निघतात, पण नवं लिगामेंट हाडात रुजून बळकट व्हायला महिने लागतात. दर आठवड्याला भडगावहून शहरात फिजिओथेरपीला जाणं मजुरी करणाऱ्या घराला परवडत नाही. म्हणून व्यायाम कागदावर लिहून, करून दाखवून, घरातल्या एकाला शिकवूनच रुग्णाला घरी पाठवायला हवं. नॉर्वेतल्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवला, तितकी पुन्हा दुखापतीची शक्यता कमी झाली. पोलीस भरतीची १६०० मीटर धाव सहा महिन्यांवर आली असली, तरी त्या वर्षी ती सोडून द्यावी.