शहाबादी फरशीचे पदर

निगडी प्राधिकरणातल्या एका वाचकांनी विचारलं आहे, ‘घराचं काम काढलं, तेव्हा जुनी शहाबादी फरशी उखडली. हा दगड समुद्रात तयार झाला म्हणतात, मग त्यात एकही शंख-शिंपला का दिसत नाही?’ सुरेख प्रश्न! कारण तो समुद्र शंख-शिंपल्यांच्या आधीचा आहे.

ही फरशी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद-वाडी भागातल्या खाणींतून येते. तिचं नेमकं वय किती, यावर भूवैज्ञानिकांचं अजून एकमत नाही. पण बहुतेक जण ती १०० कोटी ते ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातली मानतात. निगडीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे जमिनीखालच्या खडकापेक्षा जमिनीवरची फरशी किमान आठपट जुनी!

शहाबाद ज्यात येतं त्या भीमेच्या खोऱ्यात तळाला वाळू-गोट्यांचे थर आहेत, त्यावर चिखलाचे आणि मग चुनखडक. समुद्र जमिनीवर चढत गेला, किनारा मागे हटला आणि नितळ, उथळ पाण्यात चुन्याचा मऊ गाळ साचू लागला. कवच बांधणारे प्राणी नव्हते. चुना थेट पाण्यातूनच, सूक्ष्मजीवांच्या मदतीने, खाली बसे.

आता फरशी इतकी सपाट का निघते ते पाहा. घडीच्या पोळीत तेलाचा हात फिरवला की पदर सुटतात. इथे तेलाचं काम चिकणमातीच्या पातळ पापुद्र्यांनी केलं. पण तीच पोळी पुन्हा मळली तर पदर राहतील का? पुढच्या काळात समुद्रतळाचं हे मळण्याचं काम गाळ उकरणाऱ्या किड्यांनी केलं. शहाबादच्या समुद्रात ते नव्हते, म्हणून पदर टिकले.

शेजारच्या कलादगी खोऱ्यात, बागलकोटकडे, चित्र वेगळं दिसतं. तिथे सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांनी गाळ धरून ठेवत घुमटाकार स्ट्रोमॅटोलाइट उभारले. पुढे चरणारे प्राणी आले आणि अशा बांधकामांचा सुकाळ संपला, अशी मांडणी स्टॅनली ऑरॅमिक यांनी १९७१ मध्ये केली. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये ती आजही वाढतात, कारण तिथल्या अतिखारट पाण्यात चरणाऱ्या गोगलगायींचं फारसं चालत नाही.

या दोन्ही खोऱ्यांचं मोठं वर्णन भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ मध्ये ‘साउथ मराठा कंट्री’वरच्या आपल्या ग्रंथात केलं. त्यांची आठवण निघते ती १८६३ मध्ये पल्लावरमला सापडलेल्या दगडी हत्यारापुरती. मला हे फार खटकतं. आपल्या घराघरातल्या दगडाची कुंडली मांडणारा हा माणूस शाळेच्या पुस्तकात असायला हवा.

आणि प्राण्यांनी घडवलेला चुनखडक पाहायचाच असेल, तर नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातल्या बागला जा. तिथला डायनोसॉरच्या काळातला चुनखडक ब्रायोझोआ या चिमुकल्या, वसाहती करून राहणाऱ्या प्राण्यांच्या सांगाड्यांनी ठासून भरला आहे.