रागदारी व जॅझ : काही मागे पडलेल्या तबकड्या

ट्रंपेट व सॅक्सोफोन ही वाद्ये नांदेड-लातूरकडील वाचकांस अपरिचित नाहीत. वरातीपुढील बँडात ती सर्वांनी ऐकली आहेत. परंतु त्याच वाद्यांच्या मेळात मालकंस ऐकण्याचा योग फार थोड्यांस आला असेल. १९६८ साली शंकर-जयकिशन यांच्या नावे ‘राग जॅझ स्टाईल’ नामक तबकडी निघाली. तीत गाणे नाही. तोडी, भैरव, कलावती, शिवरंजनी, भैरवी इत्यादी अकरा राग केवळ वाद्यांवर बसविले आहेत. चित्रपटगीतांच्या गर्दीत ती मागे पडली याचे आम्हांस नवल वाटत नाही. खेद मात्र वाटतो.

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात विसाव्या शतकाच्या आरंभी उदयास आलेले संगीत होय. आपल्या गवयाप्रमाणे त्यातील वादकही आयत्या वेळी सुचेल तसा विस्तार करितो. साम्य बहुधा येथेच संपते. रागाचा आधार एक अचल षड्ज; जॅझचा आधार एकदम वाजणाऱ्या तीन-चार स्वरांचे समूह, आणि तेही क्रमाक्रमाने पालटणारे. मालकंसच घ्या. त्यात ऋषभ व पंचम वर्ज्य आहेत. पाश्चात्त्य रीतीने षड्जावर स्वरसमूह रचावयाचा तर षड्ज, गांधार व पंचम हवेत. पियानोवाल्याचे बोट सवयीने पंचमावर पडले, की मालकंस आटोपला! तेव्हा काय वाजवावे यापेक्षा काय वाजवू नये, हाच येथे खरा प्रश्न.

हे अवघड काम पार पाडणाऱ्यांत सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा आणि ड्रमवर लेस्ली गोदिन्हो हे होते. मुंबईच्या चित्रपटवाद्यवृंदांत गोमंतकीयांचा भरणा मोठा असे. त्याचे कारण असे की, गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांस व्हायोलिन व पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. कागदावरील संगीत पाहताक्षणी वाजविणारे वादक अन्यत्र सहजी मिळत नसत. तथापि त्या काळच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकांची व संगीतकारांची नावे छापीत, वादकांची सहसा नाही.

असाच प्रयोग लंडन येथे आधीच झाला होता. कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांची ‘इंडो-जॅझ सूट’ ही तबकडी १९६६ साली निघाली; पुढल्या वर्षी ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ आली. तबल्यावर होते केशव साठे. १९६७ सालीच जर्मनीत निघालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या तबकडीवर, स्विस पियानोवादिका इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीबरोबर तबला साठ्यांचाच. एका मराठी तबलजीने हे केले, ही गोष्ट आपल्याकडे किती थोड्यांस ठाऊक!

या तबकड्या आता इंटरनेटवर ऐकावयास मिळतात. ज्यांस सवड असेल त्यांनी मालकंसापासून आरंभ करावा, आणि प्रथम सतारीकडे नव्हे, मागील पियानो-गिटारीकडे कान द्यावा.