डोक्यातला कोंडा आणि तेलाची वाटी

पौषाची थंडी पडली की कळवण भागात कांदा लागवडीची घाई उडते. पहाटेच डोक्याला फडके बांधून शेतात गेलेली सून संध्याकाळी फडके सोडते, तेव्हा खांद्यावर पांढरा भुसा पडलेला असतो. खाजवून खाजवून टाळू लाल झालेली. सासूबाई म्हणतात, "डोकं कोरडं पडलंय गं तुझं. बैस इथं, तेल घालते." वाटीभर तेल मायेने टाळूत जिरवले जाते. त्या रात्री बरे वाटते आणि आठ दिवसांत कोंडा पुन्हा हजर!

माया खरी, पण निदान चुकले. चिकट, पिवळसर पापुद्रे, खाली लाली, भुवयांत, नाकाच्या कडेला आणि कानामागेही तेच, अशी लक्षणे असतील तर हा कोंडा बहुधा कोरडेपणाचा नसतो. प्रत्येक माणसाच्या कातडीवर मॅलासेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी राहते. तिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही. टाळूला सुटणारे तेल हेच तिचे अन्न. ते खाताना जी आम्ले तयार होतात, ती काहींच्या कातडीला सोसत नाहीत. मग कातडी सुजते आणि तिचे पापुद्रे सुटतात. वरून घातलेले तेल म्हणजे या बुरशीला आयता खुराकच.

हा रोग घाणीने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. लग्नाला आलेल्या मुलीने त्यापायी पदर पुढे ओढून बसण्याचे काही कारण नाही.

उपाय साधा आहे, पण करण्याची रीत चुकते. केटोकोनॅझोल दोन टक्के असलेला शाम्पू डॉक्टरांच्या सल्ल्याने आणावा. केस ओले करून तो केसांना नव्हे, टाळूला बोटांनी चोळावा आणि पाच मिनिटे तसाच ठेवावा. आपल्याकडे लावला की लगेच तांब्या ओततात, मग औषध काम करणार कधी? आठवड्यातून दोनदा, असे चार आठवडे करावे. पुढे आठ-पंधरा दिवसांतून एकदा लावीत राहावे. कांद्यावरचा करपा एका फवारणीने कायमचा जातो का? दमट हवा आली की पुन्हा येतोच. कोंड्याचेही तसेच, तो आटोक्यात राहतो, मुळासकट जात नाही. (मात्र शेतातले औषध किंवा रॉकेल डोक्याला कधीही लावू नये!)

तेल अगदी सोडा असे नाही. केस राठ होत असतील तर टोकांना लावावे. खपल्या जाड असतील तर न्हाण्याआधी तासभर तेल लावून त्या मऊ कराव्यात आणि तेल पुरते धुऊन काढावे. रात्रभर मात्र ठेवू नये. शिकेकाईने न्हायला हरकत नाही, पण ती औषधाची जागा घेत नाही.

तान्ह्या बाळाच्या टाळूवरच्या पिवळ्या खपल्याही याच जातीच्या. त्या काही महिन्यांत आपोआप जातात. नखाने उकरू नयेत. बाळाला आणि गरोदर बाईला औषध विचारूनच द्यावे.

दुकानातून 'खाजेची ट्यूब' मागून आणण्याची सवय फार वाईट. तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असते. चार दिवस आराम पडतो, पण महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते. सरकारने 2018 साली अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती याचसाठी.

मुलाच्या डोक्यावर गोल चकंदळ पडून केस तुटत असतील, पू येत असेल, तर तो कोंडा नव्हे. तो नायटा असू शकतो. तो लागतो, आणि त्याला पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. तसेच चार आठवडे नीट औषध लावूनही फरक पडला नाही, तर कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. जाताना आधी लावलेल्या बाटल्या, ट्यूबा पिशवीत घालून न्याव्यात, म्हणजे काय काय करून झाले ते डॉक्टरांना कळते.