मासेमारीची नाव आणि लाइफ जॅकेट : घेणाऱ्याने व विकणाऱ्याने काय पाहावे?

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी पुष्कळ आहे. पूर्णा नदीवरचे सिद्धेश्वर धरण औंढा नागनाथ तालुक्यात आहे, येलदरीचे पाणी सेनगाव तालुक्याच्या कडेला आहे आणि ईसापूर धरणाचा जलाशय कळमनुरी तालुक्याला लागून पसरलेला आहे. या पाण्यावर रोहू, कटला, मृगळ धरून पोट भरणारी शेकडो कुटुंबे आहेत. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन जाणारे हौशी लोकही आता वाढले आहेत. कोणी लाकडी नावेत बसतो, कोणी थर्माकोलच्या तराफ्यावर, तर कोणी ट्रकच्या ट्यूबवर. अंगावर जॅकेट मात्र क्वचितच दिसते.

आमचा धंदा कापडाचा. मग या विषयावर आम्ही का लिहावे, असे वाचकांना वाटेल. कारण असे की लाइफ जॅकेट हीसुद्धा शेवटी शिवलेली वस्तू आहे, आणि तिच्या व्यवहारात आम्ही एकदा चांगलाच धडा घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी एका मच्छीमार संस्थेने आमच्याकडे दोन डझन जॅकेटे मागितली. आम्ही मोठ्या शहरातल्या एका ठोक व्यापाऱ्याकडून स्वस्तात माल आणला. रंग झकास, शिलाई वरून सुबक. देण्यापूर्वी सहज म्हणून चार नग रात्री हौदात टाकले. सकाळी पाहतो तर दोन तळाला गेलेले! एक उसवून पाहिले. आत गादीचा स्पंज भरलेला होता, जो पाणी पितो. व्यापाऱ्याला विचारले तर उत्तर आले, ‘‘तपासणीला अंगावर जॅकेट दिसले म्हणजे झाले. पाण्यात कोण बघतो?’’ माल परत घेतला नाही. आम्ही तो विकला नाही, नुकसान सोसले. पण त्या माणसाचे उत्तर अजून डोक्यातून जात नाही. नियम साहेबाला दाखवण्यासाठी नसतो, तो बुडणाऱ्यासाठी असतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्रजांच्या काळातला 1917 चा अंतर्देशीय जलयान कायदा रद्द होऊन 2021 साली नवा कायदा आला. नदी, कालवा, तलाव यांवर चालणाऱ्या यांत्रिक नावांची नोंदणी आणि सर्वेक्षण त्यात सांगितले आहे. 2022 साली जीवरक्षक साधने आणि आग विझवण्याची साधने यांचे वेगळे नियम करण्यात आले. वल्ह्याच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या नावांची नोंद जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत पातळीवर घेता यावी, अशीही तरतूद या कायद्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2017 साली नावेच्या सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या.

पाण्यावर जाऊन तपासणी करण्याची पद्धत आपल्याकडे समुद्रात आहे. तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि मत्स्यव्यवसाय खाते तिथे नाव थांबवून कागदपत्रे पाहतात. अमेरिकेत तळ्यावर गळ टाकणाऱ्यालाही मध्येच थांबवतात. माणशी एक जॅकेट आहे काय, सोळा फूट किंवा त्याहून लांब नावेत फेकून देण्याचे साधन आहे काय, हे पाहतात. तिथल्या तटरक्षक दलाच्या 2023 च्या अहवालाप्रमाणे हौशी नौकाविहारात त्या वर्षी 564 माणसे मेली. बुडून मेलेल्यांपैकी ज्यांची माहिती मिळाली, त्यातल्या 87 टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हते.

आपल्याकडचे दाखलेही ताजे आहेत. 18 जानेवारी 2024 रोजी बडोद्याच्या हरणी तलावात नाव उलटून 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका गेल्या. नावेत माणसे जास्त होती आणि बहुतेकांना जॅकेट दिलेले नव्हते. त्याच वर्षी 21 मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी नाव वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. धरणाचे पाणी शांत दिसते, पण उन्हाळ्यातला वळीव पाहता पाहता लाटा उठवतो.

आता मालाची पारख. पाण्यात माणसाचे वजन फार कमी भरते. डोके वर ठेवायला साधारण तीन ते पाच किलोचा आधार पुरतो. जॅकेटवर 50, 100, 150 असे न्यूटनचे आकडे असतात. 50 चे जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी व काठाजवळच्या कामासाठी आहे. 100 न्यूटन म्हणजे सुमारे दहा किलोची उचल, जी शांत पाण्याला चालते. घरी तपासायचे तर 100 च्या जॅकेटला दहा किलोचे लोखंडी माप बांधून हौदात सोडावे. ते एक दिवस व एक रात्र तरंगले पाहिजे. बुडाले तर माल खोटा.

आतला फोम बंद छिद्रांचा असावा. दाबून पाण्यात धरल्यावर त्याने पाणी पिऊ नये. शिलाईचा दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा हवा, कारण सुती दोरा ओलाव्याने कुजतो. पट्टे ओढून पाहावेत, बक्कल निसटू नये. रंग केशरी, चमकणारी पट्टी आणि शिट्टी असावी. अंगाला घट्ट बसेल असेच माप घ्यावे. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते आणि माणूस खाली राहतो. मुलांना मोठ्यांचे जॅकेट कधीही देऊ नये. वापरल्यावर सावलीत वाळवावे, कारण उन्हाने नायलॉन लवकर जीर्ण होते. त्याच्यावर बसूही नये, फोम दबतो.

संस्थांनी आणखी एक काम करावे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी अपघात विमा ठेवण्यात आला. मृत्यूसाठी त्याची रक्कम पाच लाख रुपये आहे. आपल्या सभासदांची नावे यादीत आहेत की नाहीत, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन पाहून घ्यावे.

व्यापारी बंधूंना एकच विनंती आहे. सदऱ्याचे कापड विटले तर गिऱ्हाईक भांडायला परत येते. खोट्या जॅकेटचे गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून हा माल विकण्यापूर्वी एकदा आपल्याच हौदात टाकून पाहावा.